मोटरहोम भाड्याने घेऊन मुलांची सहल: पुण्यातून निघण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटरहोममध्ये, म्हणजे झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीत, सहा जण झोपू शकतात असं मालक सांगतात. मग सहा मुलं नेता येतील ना?

झोपतील किती, हा उभ्या गाडीचा हिशोब. चालत्या गाडीचा हिशोब वेगळा. पुढे तोंड करून असलेल्या आणि सीटबेल्ट असलेल्या जागा किती, एवढंच मोजायचं. तीन डबल बेड असलेल्या कित्येक गाड्यांत चालकासकट अशा जागा जेमतेम चार-पाच निघतात. म्हणजे चालक, दोन मोठी माणसं आणि फार तर दोन मुलं. बाकीची मुलं 'मागे पत्ते खेळत बसतील' असं कोणी म्हणालं, तर ती सहल तिथेच दुसऱ्या गाडीवर ढकला.

बुकिंगच्या फोनवर तीन प्रश्न विचारा. आरसीवर (गाडीच्या नोंदणीपत्रावर) किती सीट पासिंग आहे, त्यातल्या किती जागा पुढे तोंड करून आहेत आणि त्यांतल्या किती जागांना खांद्यावरून येणारा पट्टा आहे. आरसीवरच्या आकड्यात चालकही धरलेला असतो, हे विसरू नका. उत्तरादाखल फोटो मागवा. 'ॲडजस्ट होईल' हे उत्तर नाही.

लहान मुलं अर्धी धरतात ना? शाळेच्या व्हॅनमध्ये तर दीडपट बसवतात.

पट्टा दीडपट होत नाही. एका पट्ट्यात दोन मुलं बसवली, तर धक्का बसताना ती एकमेकांवर आदळतात आणि पट्टा दोघांच्याही पोटात रुततो. मांडीवरचं मूल तर सगळ्यांत धोक्यात असतं, कारण मागचं मोठं माणूसच त्याला चेंगरतं.

कायद्याचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे १४ वर्षांखालच्या मुलाला सीटबेल्ट किंवा बालआसनाशिवाय नेलं तर १,००० रुपये दंड आहे. जास्तीच्या प्रवाशांचा दंड माणशी २०० रुपये. या रकमा पाहून कोणी घाबरणार नाही, हे आम्हालाही माहीत आहे. म्हणून दुसरा आकडा: ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी एकदम थांबली, तर पट्टा न लावलेल्या मुलाला बसणारा मार सव्वासहा मीटरवरून पडल्याइतका असतो. सोसायटीच्या दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून खाली बघा. ४० म्हणजे काही फार वेग नव्हे, सिंहगड रस्ता मोकळा मिळाला तर कोणीही त्या वेगाने जातं.

आडव्या सोफ्यालाही पट्टे आहेत. तिथे बसवलं तर?

नको. आडवं बसलेल्या माणसाचं शरीर धक्का बसताना बाजूला, म्हणजे गाडीच्या तोंडाकडे फेकलं जातं. कमरेचा पट्टा कंबर धरून ठेवतो, पण धड आणि मान बाजूला मुरगळते. मुलांचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, त्यामुळे हा ताण मानेवर जास्त येतो. आडवा सोफा गाडी उभी असताना गप्पांसाठी. मागे तोंड करून असलेली जागा पाठीला उंच, भक्कम टेकण आणि पट्टा असेल तर चालू शकते, पण त्या जागेवर मुलांना मळमळ लवकर होते.

पट्टा आहे, पण तो भक्कम आहे हे कसं ओळखायचं?

गाडी ताब्यात घेताना या तपासणीला दहा मिनिटं द्या, कारण खरी गोम इथेच असते.

आपल्याकडची बरीच मोटरहोम टेम्पो ट्रॅव्हलरसारख्या गाडीच्या सांगाड्यावर आतलं फर्निचर करून बनवलेली असतात. काम नीट करणारे लोक आहेत. पण काही ठिकाणी बाक म्हणजे प्लायवुडचा खोका, त्यावर फोम, वर रेक्झिन, आणि पट्टा त्या प्लायवुडलाच ठोकलेला. दिसायला झकास असतो. जोराचा धक्का बसला की पट्टा, मूल आणि प्लायवुडचा तुकडा तिन्ही एकत्र पुढे जातात.

पट्ट्याचं खालचं टोक हातात धरा आणि बोटांनी चाचपत खाली जा. उशी उचला, बाकाचं झाकण उघडा, मोबाइलचा टॉर्च मारा. शेवटी करंगळीएवढा जाड बोल्ट दिसला पाहिजे आणि तो लोखंडी चौकटीतून किंवा गाडीच्या तळाच्या पत्र्यातून आरपार जाऊन खाली जाड पट्टीवर कसलेला असला पाहिजे. लाकडाचे स्क्रू, एल आकाराची कपाटाची पट्टी किंवा फेव्हिकॉलचे ओघळ दिसले तर ती जागा बाद. मग पट्टा झटक्यात ओढा, तो जागीच अडकला पाहिजे. बकलमध्ये लावून 'टक' आवाज ऐका आणि जोर लावून उपसून पाहा. बकलमध्ये बिस्किटाचा चुरा अडकून ते अर्धवट बसतं, हे भाड्याच्या गाड्यांत नेहमीचं. पट्ट्याच्या कडा उसवल्या असतील, तर त्या जागेवर बॅग ठेवा, मूल नको.

मोटरहोमसाठी आपल्याकडे एआयएस-१२४ हे वाहन मानक आहे. गाडी कंपनीतून तशी मंजूर होऊन आली आहे की नंतर बाहेर फर्निचर चढवलं आहे, हे मालकाला थेट विचारा. नंतर केलेला बदल आरसीवर चढवलेला असायला हवा.

कोणत्या वयाच्या मुलाला काय लागतं?

वयापेक्षा उंची बघा. साधारण साडेचार फुटांच्या (१३५ सेंटिमीटर) खालच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा नीट बसत नाही, तो गळ्यावर आणि पोटावर येतो. त्याला बूस्टर, म्हणजे बैठक उंच करणारी छोटी सीट, लागतो. मात्र बूस्टर तीन टोकांच्या, म्हणजे कंबर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या पट्ट्यावरच चालतो. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर ठेवला, तर मूल उंच होतं आणि वरचं धड मोकळंच राहतं. चार वर्षांखालच्या मुलांना स्वतःचे पट्टे असलेलं बालआसन. दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल, तर सरळ सांगतो, घोळक्याच्या सहलीत त्याला नेऊ नका.

बूस्टरशिवाय चालेल का, याची परीक्षा घरच्या कारमध्येही करता येते. पाठ पूर्ण टेकून बसल्यावर गुडघे सीटच्या कडेवर वाकतात का? तळवे जमिनीला टेकतात का? पट्टा गळ्यावर न येता खांद्याच्या मधोमध येतो का? खालचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या सांध्यावर बसतो का? आणि झोप लागल्यावरही मूल तसंच बसतं का? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक आठ-नऊ वर्षांची मुलं नापास होतात.

आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन थेट सीटला अडकवायचे हूक मोटरहोममध्ये क्वचितच असतात. तुमचं बालआसन पट्ट्याने बांधता येणारं आहे का, हे आधी पाहा आणि गाडी ताब्यात घ्यायला जाताना ते बरोबर न्या. बसवल्यावर बुडाशी धरून हलवा. बोटभरापेक्षा जास्त सरकलं तर पट्टा सैल आहे.

आमची दहा मुलं आहेत. मग मोटरहोमचा नादच सोडायचा का?

नाही, पण तिला बस समजू नका. मुलं पट्टे असलेल्या मिनीबसमधून, मोटरहोम सोबत, आणि मुक्कामी पोचल्यावर ती स्वयंपाकघर, स्वच्छतागृह, आजारी पडलेल्याची खोली आणि पावसात आडोसा. खर्च वाढतो, हे खरं. पण दहा मुलं एका मोटरहोममध्ये कोंबण्याला दुसरा पर्याय हाच आहे. मुलांना मोटरहोममध्ये झोपायची हौस असते, ती रात्री आळीपाळीने भागते.

चार मुलांमागे एक मोठं माणूस धरा. चालक या हिशोबात धरायचा नाही. दहा मुलांना तीन मोठी माणसं हवीत, आणि त्यातलं एक चालत्या गाडीत फक्त मुलांकडे बघणारं, मोबाइलवर रील्स बघणारं नाही.

वजनाचं काय? मुलं तर हलकी असतात.

मुलं हलकी, सामान जड. आरसीवर दोन आकडे असतात, रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन. समजा ते २,९५० आणि ३,५०० किलो आहेत. म्हणजे तुमच्या वाट्याला ५५० किलो. आता मांडा: पाच मुलं १६० किलो, चालकासह तीन मोठी माणसं २१०, भरलेली १०० लिटरची पाण्याची टाकी १००, आठ बॅगा ५६, खुर्च्या-तंबू-भांडी-शिधा ४०. झाले ५६६. पाच मुलांतच १६ किलो जास्त, आणि क्रिकेटचं किट अजून खालीच आहे.

उपाय सोपा आहे. टाकीत २० लिटरच पाणी घेऊन निघा आणि बाकीचं मुक्कामी भरा, ८० किलो तिथेच वाचतात. शिवाय निम्म्याच्या आसपास भरलेल्या मोठ्या टाकीतलं पाणी वळणावर डुचमळतं आणि गाडी डोलते, तेही टळतं. फर्निचर नंतर चढवलेलं असेल, तर आरसीवरच्या रिकाम्या वजनावर विसंबू नका. सगळं भरून एकदा वजनकाट्यावर घ्या. मार्केट यार्ड, चाकण, हडपसर भागात काटे आहेत, पावती मिळते आणि शंका मिटते.

जड वस्तू खाली आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मधल्या भागात ठेवा. वरच्या कप्प्यात चादरी आणि खाऊचे हलके डबे. कुकर, इस्त्री, पाण्याचे कॅन वर नकोत. कप्प्यांची कुलुपं खटक्याची असतात आणि जुनी झाली की खड्ड्यात उघडतात. निघताना त्यांच्यावर चिकटपट्टी मारा. दिसायला गावठी, पण कामाची.

नंबरप्लेटचा रंग का बघायचा?

पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे चालकासह भाड्याने देता येणारी गाडी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. पांढरी पाटी खासगी. पांढऱ्या पाटीची गाडी 'ओळखीतून' भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाईच्या वेळी भाड्याचाच मुद्दा काढू शकते. फिटनेस, विमा, पीयूसी आणि परमिट यांच्या तारखा एमपरिवहन ॲपवर गाडी क्रमांक टाकून पाहा. विमा सहलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालू हवा, निघायच्या दिवसापर्यंत नव्हे.

मी स्वतः चालवू का? कार पंधरा वर्षं चालवतोय.

साडेसात टनांपर्यंतच्या गाडीला हलक्या मोटार वाहनाचा परवाना चालतो, हे बरोबर. पण परवाना असणं वेगळं आणि ही गाडी अंगवळणी पडणं वेगळं. मागचा भाग चाकांच्या बराच मागे आलेला असतो, त्यामुळे डावीकडे वळताना गाडीचं बूड उजवीकडे झुलतं. थांबायला कारपेक्षा जास्त अंतर लागतं. मुलं बरोबर असताना पहिल्यांदा चालवू नका. आदल्या दिवशी रिकामी गाडी घेऊन मोकळ्या मैदानात रिव्हर्स आणि वळणं करून बघा. नसेल जमत तर चालक घ्या.

चालक घेतलात, तर त्यालाही झोप लागते हे लक्षात असू द्या. कायद्याने प्रवासी वाहनाच्या चालकाला दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती आहे. मुलं रात्री बारापर्यंत दंगा करत असतील, तर दादांची झोपायची सोय गाडीबाहेर, वेगळ्या खोलीत करा. पहाटे चारला निघायचा हट्टही नको.

गाडीची उंची किती धरायची?

छतावरच्या एसीसकट मोजा, ती तीन मीटरच्या आसपास भरते. मीटर आणि फूट दोन्ही आकडे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवा. पुण्यात अडकायच्या जागा तीन: रेल्वेखालचे जुने बोगदे, पार्किंगच्या तोंडाशी लावलेले लोखंडी आडवे बार आणि सोसायटीची कमान. मुलांना घ्यायला गाडी पेठेत नेऊ नका. सगळ्यांना एका रुंद जागी बोलवा, मैदानाशेजारी किंवा बाह्यवळणाच्या सेवारस्त्याला.

घाटात काय बिघडतं?

उतरताना ब्रेक. भरलेली गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली, की लायनर तापतात आणि एका हद्दीनंतर पकड सुटत जाते. पाय खाली जातो, गाडी थांबत नाही. आधी जळक्या रबरासारखा उग्र वास येतो. तो वास मुलांना सगळ्यांत आधी येतो, म्हणून 'वास आला तर ओरडायचं' असं त्यांना सांगूनच ठेवा. वास आला की सुरक्षित जागी थांबा आणि अर्धा तास जाऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका, तापलेला ड्रम तडकतो.

नियम जुनाच आहे: ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल कधीच नाही. साताऱ्याकडून परतताना कात्रजच्या नव्या बोगद्यानंतर नवले पुलापर्यंतचा उतार साधा दिसतो. घाट संपला, पुणं आलं, डिझेल वाचवू म्हणून तिथे गाड्या न्यूट्रलला टाकल्या जातात आणि अपघात होतात. बोगद्यातून बाहेर पडायच्या आधीच गिअर खाली घ्या.

पावसाळ्यात ताम्हिणी आणि वरंध नको. दरडी पडतात, रस्ता अरुंद आहे आणि ही गाडी तिथे मागे फिरवता येत नाही. पसरणी घाट कोरड्या दिवसांत, उजेडात करा. पहिलीच सहल असेल तर भिगवण बरं. सोलापूर रस्ता सपाट, सुमारे शंभर किलोमीटर, आणि हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला मिळतात. होडीत बसताना मात्र प्रत्येक मुलाला मापाचं लाइफ जॅकेट.

टायर चांगले दिसतात. आणखी काय बघू?

वय. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मोटरहोम वर्षातले बरेच दिवस उभ्या असतात, त्यामुळे नक्षी शाबूत राहते आणि रबर मात्र कडक होऊन कडेला बारीक भेगा पडतात. सहा वर्षांच्या पुढचे टायर नाकारा. हवा सकाळी, टायर थंड असताना, दाराजवळच्या पाटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे भरा. स्टेपनीतही. जॅक आणि पाना आहे का, आणि जॅक या गाडीचं वजन पेलणारा आहे का, तेही बघा.

गॅस आणि आग?

चालत्या गाडीत सिलिंडर बंद, आणि तो शेगडीच्या बटणाशी नव्हे तर रेग्युलेटरशी. सिलिंडर उभा आणि पट्ट्याने बांधलेला हवा. एलपीजी हवेपेक्षा जड, त्यामुळे गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका मुलं जिथे गादी टाकून झोपतात तिथे. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारी झरोक्याची जागा असली पाहिजे. कोणी ती 'उंदीर येतात' म्हणून बुजवली असेल, तर मोकळी करून घ्या. नळीवर छापलेली तारीख पाहा, पाच वर्षांच्या वर नको. जोडावर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले तर गाडी घेऊ नका. गळतीसाठी मदत क्रमांक १९०६.

झोपताना इंजिन किंवा जनरेटर चालू ठेवू नका. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेलं माणूस झोपेतच जातं. त्याचा अलार्म बाजारात मिळतो, तो घ्या, उशाच्या उंचीवर लावा आणि बटण दाबून तपासा.

अग्निशामक दोन हवेत, एक चालकाजवळ आणि एक दाराजवळ, काटा हिरव्या पट्ट्यात. पण मुलांच्या बाबतीत विझवणं दुसरं, बाहेर काढणं पहिलं. मार्च २०२५ मध्ये हिंजवडीत टेम्पो ट्रॅव्हलर पेटली, तेव्हा मागचं दार वेळेत उघडलं नाही आणि चार कर्मचाऱ्यांचा जीव गेला. ती मोठी माणसं होती. म्हणून निघण्याआधी उभ्या गाडीत सराव करा: मुख्य दार बंद समजा, दुसऱ्या वाटेने सगळी मुलं बाहेर. आपत्कालीन खिडकीची खिटी प्रत्येक मुलाला स्वतः एकदा उघडू द्या. पहिल्यांदा दोन मिनिटं लागतील, तिसऱ्यांदा चाळीस सेकंदांत होतं. त्या वाटेवर बॅगा रचायच्या नाहीत.

धावत्या गाडीत बाथरूमला जाऊ द्यायचं का?

नाही. दर दीड-दोन तासांनी थांबा. खूप घाई झाली तर चालकाने गाडी पेट्रोलपंपावर किंवा धाब्याच्या आवारात घ्यायची, महामार्गाच्या कडेला नाही.

उलट्यांचं काय करायचं?

घाटाच्या आधी बटाटेवडा आणि दूध नको. कुरमुरे, खाकरा, केळं चालेल. ज्याला गाडी लागते त्याला पुढच्या रांगेत बसवा, नजर समोरच्या रस्त्यावर, हातात मोबाइल नाही. आल्याच्या वडीने काहींना बरं वाटतं. गोळी द्यायची तर मुलाच्या डॉक्टरांकडून नाव आणि प्रमाण लिहून घ्या. दुसऱ्याच्या मुलाला आपल्या मुलाचं औषध द्यायचं नाही. कागदी पिशव्या, ओले रुमाल आणि एक झाकणाचा डबा हाताशी ठेवा.

रस्त्यात गाडी बंद पडली तर?

गाडी जमेल तेवढी डावीकडे, धोक्याचे दिवे चालू, त्रिकोण मागे किमान ५० मीटरवर. मुलांना डाव्या बाजूने उतरवा आणि लोखंडी कठड्याच्या पलीकडे, गाडीच्या थोडं मागे उभं करा. पुढे नको, कारण मागून कोणी धडकलं तर गाडी पुढेच सरकते. राष्ट्रीय महामार्गावर १०३३, इतर कुठेही ११२, रुग्णवाहिकेला १०८.

मुक्कामी सगळ्यांत जास्त इजा कशाने होते?

रिव्हर्सने. गाडी लावताना दोन-चार जण मागे उभे राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करतात आणि पोरं त्यांच्या पायात घुटमळत असतात. सूचना एकानेच द्यायची, चालकाला आरशात दिसेल अशा जागी उभं राहून. तो दिसेनासा झाला की चालकाने थांबायचं. तोवर मुलं पट्ट्यात बसलेली, नाहीतर उतरून एका मोठ्या माणसाजवळ ओळीने उभी.

दुसरी गोष्ट दाराची पायरी. ती बाहेर राहिली तर नडगी फुटते, आत गेलेली कळली नाही तर मूल तोंडावर पडतं. रात्री तिला रेडियमची पट्टी लावा.

पालकांकडून काय लिहून घ्यायचं?

एका कागदावर मुलाचं नाव, वजन, रक्तगट, ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर, आणि गरज पडल्यास उपचार करायला सहीनिशी परवानगी. एक प्रत गाडीत, एक घरी राहणाऱ्या कोणाकडे. मुलांना क्रमांक द्या. प्रत्येक थांब्यानंतर एक, दोन, तीन म्हणत मुलांनीच मोजायचं, आणि शेवटचा आकडा ऐकू आल्याशिवाय चालकाने किल्ली फिरवायची नाही.